ऑलिंपियाच्या संग्रहालयात काय पाहावं, आणि तिथल्या खेळांचा देवाशी संबंध काय

प्रश्न थोडक्यात असा: सांगलीचं एक कुटुंब सप्टेंबरात ग्रीसला चाललंय. ऑलिंपियासाठी एकच दिवस आहे. सोबत तालमीत जाणारा सतरा वर्षांचा मुलगा. संग्रहालयात नेमकं काय पाहायचं, आणि 'ऑलिंपिक खेळ झ्यूस देवासाठी होत' असं सगळीकडे लिहिलेलं असतं, तर तो देव उद्घाटनापुरता होता की आणखी काही?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते, कारण पहिल्याचं उत्तर त्यावरच ठरतं. मी जुन्या धातूच्या वस्तूंच्या जतनाचं काम करते. आमच्या कामात एखादी वस्तू हातात आली की 'किती सुंदर आहे' हा प्रश्न फार उशिरा येतो. ती कुठे सापडली, कोणी ठेवली, कशासाठी ठेवली, हे आधी. ऑलिंपियात हीच सवय उपयोगी पडते. तिथल्या कपाटांतल्या बहुतेक वस्तू कोणीतरी देवाला दिलेल्या आहेत. हे एकदा डोक्यात बसलं की मग दालनं आपोआप उलगडतात.

ऑलिंपिया हे शहर नव्हतं. ग्रीसच्या दक्षिणेकडच्या पेलोपोनीज या द्वीपकल्पाच्या पश्चिमेला, आल्फिओस आणि क्लादेओस या नद्यांच्या संगमाजवळ, क्रोनोस नावाच्या टेकडीच्या पायथ्याशी ती एक देवराई होती. तिला अल्टिस म्हणत. व्यवस्था एलिस या राज्याकडे. एरवी तिथे पुजारी, ज्योतिषी आणि थोडी सेवेकरी मंडळी एवढीच वस्ती. चार वर्षांतून एकदा उन्हाळ्यात मात्र हजारोंची गर्दी उसळे. स्टेडियमच्या मातीच्या उतारांवरच चाळीसेक हजार माणसं मावत. खेळांची सुरुवात परंपरेने इ.स.पू. ७७६ ची धरतात, पण देवाला वाहिलेल्या वस्तू त्याच्याही आधीच्या थरांत सापडतात. म्हणजे देवस्थान आधीचं, खेळ नंतरचे.

आणि या देवस्थानाचा गाभा देऊळ नव्हता, राखेचा ढीग होता. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पाउसेनियस हा प्रवासी इथे आला आणि त्याने बारकाईने लिहून ठेवलं. झ्यूसची वेदी बळी दिलेल्या जनावरांच्या मांड्यांच्या राखेची होती. खालच्या टप्प्याचा घेर १२५ फूट, एकूण उंची २२ फूट. दरवर्षी ठरलेल्या दिवशी ज्योतिषी मंडळी अग्निगृहातली राख आणत, ती आल्फिओसच्या पाण्यात कालवत आणि वेदीला लिंपत. दुसऱ्या नदीचं पाणी चालत नसे. झ्यूसच्या बळीसाठी पांढऱ्या पॉप्लरचंच लाकूड लागे, आणि ते पुरवायला एक खास सेवेकरी नेमलेला असे. येणाऱ्या शहरांना आणि भक्तांना तो ठरलेल्या दराने लाकूड देई. देवस्थानाचं अर्थकारण हे असं असतं! माश्यांचा उपद्रव एवढा, की माश्या हाकलणारा झ्यूस म्हणून त्याला वेगळा बळी दिला जाई. शंभर बैल कापल्यावर भर उन्हाळ्यात तिथे काय परिस्थिती होत असेल, ते यावरून ओळखावं.

ही वेदी आज दिसत नाही. एक दगडही शिल्लक नाही, राख पावसापाण्याने गेली. मार्गदर्शक त्या मोकळ्या जागेवरून लोकांना भराभर पुढे नेतात, कारण दाखवायला काही नाही. तुम्ही थांबा. फिलोस्ट्राटस नावाच्या लेखकाने नोंदवलेली परंपरा अशी: बळीचे भाग वेदीवर रचून तयार असत, पण आग लावलेली नसे. धावपटू वेदीपासून एक स्टेडियन, म्हणजे साधारण १९२ मीटर, अंतरावर उभे राहत. वेदीपाशी मशाल घेतलेला पुजारी. जो पहिला पोचेल, तो अग्नी पेटवी. सगळ्यात जुनी शर्यत ही अशी पूजेच्या आतली होती. पुढे स्टेडियम पूर्वेकडे सरकलं, खेळ वाढले, मुष्टियुद्ध आलं, रथ आले, पण सोहळ्याचा कणा तोच राहिला. पाच दिवसांच्या उत्सवात पौर्णिमेनंतरच्या सकाळी शंभर बैलांचा बळी होई. मांड्यांची हाडं चरबीत गुंडाळून देवासाठी जाळत आणि मांस माणसांच्या पंगतीला जाई. आजूबाजूला शर्यती आणि कुस्त्या चालूच.

आता संग्रहालयात या. बहुतेक लोक सरळ मधल्या मोठ्या दालनातल्या मूर्तींकडे जातात. तुम्ही आधी सुरुवातीच्या दालनांतली छोटी काशाची जनावरं पाहा. घोडे, बैल, कधी बोटभर उंचीचे, पाय काड्यांसारखे, तोंड चिमटीत दाबून काढल्यासारखं. अशी हजारो सापडली आहेत, बरीचशी त्या राखमिश्रित काळ्या मातीत. कोणाची गुरं वाचली, कोणाला वाचवायची होती, कोणाला घोडा परवडत नव्हता म्हणून त्याने बोटभर घोडा दिला. आपल्याकडे डोळ्यांच्या दुखण्यासाठी देवीला चांदीचे डोळे वाहतात, वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हातपाय वाहतात, त्याच जातीची ही गोष्ट. शेजारी मोठमोठ्या काशाच्या तिपाई कढया आहेत. त्या श्रीमंतांच्या देणग्या. एका दालनात गरीब आणि सरदार शेजारी शेजारी उभे आहेत, आणि हे मला तिथल्या कुठल्याही संगमरवरी मूर्तीपेक्षा जास्त बोलकं वाटतं.

पुढे शिरस्त्राणं. ढाली, पोटऱ्यांचे पत्रे, भाल्यांची टोकं. खेळाच्या गावात एवढी शस्त्रं कशाला, असा प्रश्न पडतो. जिंकलेल्या सैन्याने शत्रूकडून लुटलेल्यातला वाटा झ्यूसला द्यायचा, हा रिवाज होता. ती शस्त्रं खांबांवर चढवून स्टेडियमच्या उतारांवर उभी करत. म्हणजे प्रेक्षक धावण्याची शर्यत बघत, तेव्हा आजूबाजूला ग्रीकांनी ग्रीकांकडूनच हिसकावलेली हत्यारं चमकत असत. जुनी झाली की ती तिथेच पुरत किंवा वापरात नसलेल्या विहिरींत टाकत. देवाची वस्तू देवस्थानाबाहेर नेता येत नाही आणि वितळवून विकताही येत नाही. आमच्या व्यवसायाच्या दृष्टीने हे भाग्यच, कारण त्यामुळेच त्या टिकल्या. उघड्यावर उभे असलेले काशाचे मोठे पुतळे बहुतेक सगळे नंतरच्या काळात वितळवले गेले. पाउसेनियसने विजेत्यांचे सुमारे दोनशे पुतळे नावानिशी सांगितले आहेत. आज हाती आहेत ती मुख्यतः त्यांची दगडी बैठकं.

शिरस्त्राणांत एकासमोर नक्की थांबा. साधं, कोरिंथी धर्तीचं, गालाकडचा भाग झिजलेला. गालाच्या कडेने ओळ कोरली आहे: मिल्टियाडीसने झ्यूसला अर्पण केलं. हा इराण्यांविरुद्धच्या मॅरेथॉनच्या लढाईतला अथेन्सचा सेनापती मानतात. ते त्याच लढाईतलं आहे असं मात्र लेखात म्हटलेलं नाही, जरी सगळे तसंच सांगत असले तरी. जवळच एक टोकदार, पौर्वात्य घडणीचं शिरस्त्राण आहे. त्यावर ठिपक्यांनी लिहिलंय की अथेन्सवाल्यांनी हे मीड लोकांकडून घेऊन झ्यूसला दिलं. मीड म्हणजे इराणी. दोन्ही एकत्र पाहिली की 'अर्पण' या क्रियेत किती अभिमान मिसळलेला असतो ते कळतं.

मग मोठं दालन. झ्यूसचं देऊळ लिबोन या स्थानिक वास्तुकाराने बांधलं, साधारण इ.स.पू. ४७० ते ४५६ या काळात. त्याच्या दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भागांतल्या मूर्ती इथे समोरासमोर मांडल्या आहेत. पूर्वेकडच्या बाजूला रथाची शर्यत सुरू व्हायच्या आधीचा क्षण आहे. राजा ओइनोमाओस आपल्या मुलीला मागणी घालणाऱ्यांना शर्यतीत हरवून ठार मारायचा; पेलोप्स त्याला आव्हान देतोय. मधोमध झ्यूस. कोणी हलत नाही. उजव्या बाजूला जमिनीवर बसलेला एक म्हातारा ज्योतिषी शोधा. पोट सुटलेलं, एक हात गालाजवळ, कपाळावर चिंता. पुढे काय होणार ते त्याला दिसलंय. प्रचलित कथेप्रमाणे पेलोप्स जिंकला तो राजाच्या सारथ्याला फितवून, रथाच्या चाकाची खीळ बदलून. म्हणजे देवळाच्या दर्शनी भागावर जी शर्यत कोरली, तिच्यातच लबाडी होती, आणि खेळाडू त्याच देवराईत 'लबाडी करणार नाही' अशी शपथ घेत. ग्रीकांना यात विसंगती दिसली नसावी. या पेलोप्सचंही तिथे वेगळं ठाणं होतं. त्याला काळा मेंढा कापत, आणि ते मांस खाल्लेल्याला झ्यूसच्या देवळात प्रवेश नसे.

देवळातली झ्यूसची सोन्या-हस्तिदंताची मूर्ती फिडियासने घडवली, सुमारे बारा मीटर उंच. ती केव्हाच नष्ट झाली. पण ज्या कारखान्यात ती घडली तो सापडला आहे, आणि त्यातले मातीचे साचे, हत्यारं, हस्तिदंताचे तुकडे संग्रहालयात आहेत. एक काळा पेलाही आहे, बुडाशी 'मी फिडियासचा' असं खरडलेलं. ते लिखाण खरं की मागाहून कोणी केलेलं, यावर वाद झाला आहे. मला त्याहून मोलाची वाटते ती पाउसेनियसने दिलेली जतनाची माहिती. मूर्तीपुढची फरशी काळ्या दगडाची होती, भोवती संगमरवरी कठडा, आणि त्यात ऑलिव्हचं तेल साठवलेलं असे. अल्टिसची जागा दलदलीची, म्हणून दमटपणाचा त्रास हस्तिदंताला होऊ नये यासाठी हे तेल. मूर्ती पुसून उजळ ठेवण्याचं काम फिडियासच्या वंशजांकडे पिढीजात होतं. काम सुरू करण्याआधी ते कारागिरांच्या देवीला, अथेना एर्गानेला, बळी देत. आमच्या धंद्याचे एवढे जुने आणि एवढे मानाचे पूर्वज दुसरीकडे कुठे नोंदलेले मला आठवत नाहीत.

पाइओनिओस या शिल्पकाराची नीके, म्हणजे विजयदेवता, आणि प्रॅक्सिटेलीस या शिल्पकाराच्या नावावरची हर्मीस देवाची मूर्ती, यांच्यापुढे तुम्ही न सांगताही थांबाल. नीकेबद्दल इतकंच, की तीही युद्धाच्या लुटीतून वाहिलेली आहे आणि मूळ जागी सुमारे नऊ मीटर उंच खांबावर होती. म्हणून जरा खाली वाकून, वर बघत पाहा.

मुलासाठी खरी मेजवानी वेगळ्या इमारतीत आहे. जुन्या संग्रहालयाच्या वास्तूत आता फक्त प्राचीन खेळांच्या इतिहासाचं संग्रहालय आहे, आणि गटाने येणारे लोक ते हमखास वगळतात. तिथे ताम्रवर्णी वालुकाश्माचा एक धोंडा ठेवलाय, १४३.५ किलोचा. त्यावर लिहिलंय की बीबोनने मला एका हाताने डोक्यावरून फेकलं. विश्वास ठेवायचा की नाही ते तालमीतल्या माणसानेच ठरवावं. लांब उडीसाठी हातात धरायची दगडी वजनंही पाहा. त्यांत स्पार्टाच्या अक्माटिडासने वाहिलेलं एक साडेचार किलोहून जड आहे. पंचक्रीडेत आपण 'अंगाला धूळ न लागता' जिंकलो, असं त्याने त्यावर कोरलंय. समोर कोणी उभंच राहिलं नाही, असा त्याचा अर्थ घेतात. खेळाचं साधनच देवाला दिलं आणि जाता जाता फुशारकीही मारून घेतली.

कुस्तीबद्दल थोडं सविस्तर. मल्ल अंगाला तेल लावून वर धूळ माखत, खोदलेल्या मऊ मातीत उतरत. वजनी गट नव्हते, वेळेची मर्यादा नव्हती. प्रतिस्पर्ध्याला तीनदा पाडलं की जिंकलं. जोड लावण्याची रीत लुसियन या लेखकाने लिहून ठेवली आहे: देवाच्या नावाची चांदीची घागर, तिच्यात घेवड्याच्या दाण्याएवढ्या चिठ्ठ्या, दोन-दोनांवर तेच अक्षर. प्रत्येक जण पुढे येई, झ्यूसची प्रार्थना करी, मग हात घाली. शेजारी उभा सेवक त्याचा हात धरून ठेवी, म्हणजे अक्षर आधीच वाचता येऊ नये. संख्या विषम असली की एकाला न लढता पुढची फेरी मिळे. नशीब देवाचं, पण पाळत माणसाची. क्रोटोनच्या मायलोने इथे कुस्तीत सहा वेळा मुकुट मिळवला, त्यातला पहिला पोरवयात, मुलांच्या गटात.

मुकुट म्हणजे रानऑलिव्हची डहाळी, बस्स. ती देवळाजवळच्या एका ठरावीक झाडाची असे, आणि ज्याचे आईवडील दोघेही हयात आहेत अशाच मुलाने सोन्याच्या विळ्याने ती तोडायची. यामागचा शुभाशुभाचा विचार मराठी घरात समजावून सांगावा लागत नाही. ऑलिंपियात दुसरं बक्षीस नव्हतं. पैसा आणि मान विजेत्याला त्याच्या गावी मिळे. सगळीकडे असं नव्हतं. अथेन्सच्या पानाथेनाइया उत्सवात तेलाने भरलेले चित्रित मातीचे घडे बक्षीस देत, एका बाजूला अथेना देवी, दुसऱ्या बाजूला जो खेळ जिंकला त्याचं चित्र. अथेन्समधल्या संग्रहालयांत ते दिसतील.

खेळाडूंचे पुढे देवही होत. थासोस बेटाच्या थिआजेनीसने इ.स.पू. ४८० मध्ये मुष्टियुद्ध आणि ४७६ मध्ये पॅंक्रेशन, म्हणजे कुस्ती आणि मुष्टियुद्ध मिळून होणारा खेळ, जिंकलं. तो मेल्यावर त्याचा एक वैरी रात्री येऊन त्याच्या पुतळ्याला फटके मारी. एके रात्री पुतळा अंगावर पडून तो मेला. त्याच्या मुलांनी पुतळ्यावर खुनाचा खटला भरला, आणि शिक्षा म्हणून पुतळा समुद्रात बुडवला. मग दुष्काळ पडला. डेल्फीच्या देववाणीने सांगितलं, हद्दपार केलेल्यांना परत आणा. पुतळा कोळ्यांच्या जाळ्यात सापडला, पुन्हा उभा केला, आणि लोक त्याला देव म्हणून बळी देऊ लागले. ही कथा पाउसेनियसची. थासोसच्या उत्खननात मात्र त्याच्या नावाची दगडी दानपेटी खरोखर मिळाली, आणि बळी देणाऱ्याने किमान एक ओबोल हे नाणं टाकावं असा लेख तिच्यावर आहे.

लबाडीचं काय होई, ते स्टेडियमच्या वाटेवर दिसेल. डाव्या हाताला ओळीने दगडी बैठकं आहेत. त्यांवर झ्यूसचे काशाचे पुतळे होते, दंडाच्या पैशांतून केलेले. पहिले सहा इ.स.पू. ३८८ चे: थेसालीच्या युपोलोसने तीन प्रतिस्पर्ध्यांना पैसे चारून मुष्टियुद्ध जिंकलं होतं. मैदानात उतरणाऱ्या प्रत्येकाला ही रांग ओलांडूनच जावं लागे. शपथही भक्कम होती. सभागृहात शपथेच्या झ्यूसपुढे रानडुकराच्या मांसाच्या तुकड्यांवर खेळाडू, त्यांचे बाप, भाऊ आणि वस्ताद शपथ घेत. दहा महिने नेटाने सराव केलाय हेही खेळाडूने शपथेवर सांगायचं.

लग्न झालेल्या बायकांना खेळ बघायला बंदी होती, हे तुम्ही वाचलंच असेल. पण त्यांच्यापैकी एकीला मुद्दाम जागा होती: डेमेटर खामिने या देवीची पुजारीण स्टेडियममध्ये वेदीवर बसून पाहत असे. तो मान एकदा रेजिलाकडे होता. तिच्या नवऱ्याने, हेरोडीस अटिकसने, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात इथे पाण्याची मोठी सोय केली, आणि ते पाणी झ्यूसला अर्पण केल्याचा लेख रेजिलाच्या नावाने एका संगमरवरी बैलावर कोरला आहे. तो बैल संग्रहालयात आहे, चुकवू नका. मुलींच्या धावण्याच्या शर्यती हेरा देवीच्या वेगळ्या उत्सवात होत, अंतर सहाव्या हिश्श्याने कमी. आणि रथाच्या शर्यतीत मुकुट सारथ्याला न मिळता घोड्यांच्या मालकाला मिळे, म्हणून स्पार्टाची राजकन्या किनिस्का इ.स.पू. ३९६ आणि ३९२ मध्ये विजेती ठरू शकली.

'खेळांसाठी ग्रीसमधली सगळी युद्धं थांबत' हे वाक्य मात्र मुलाला शिकवू नका. शस्त्रसंधी होता तो येणाऱ्या-जाणाऱ्यांना आणि ऑलिंपियाला संरक्षण देण्यासाठी. इ.स.पू. ३६४ मध्ये तर पंचक्रीडा चालू असतानाच देवराईत लढाई जुंपली होती.

आपल्याकडचा धागा म्हणाल, तर तुमच्या शेजारच्या कोल्हापुरातच आहे. ग्रीसमधल्या चार मोठ्या क्रीडोत्सवांपैकी इस्थमियाचा उत्सव पोसायडन या समुद्रदेवाचा. त्याची काशाची छोटी मूर्ती कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळाली आणि कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. व्यापारातून आलेली, रोमन काळातली. निघण्याआधी मुलाला ती दाखवून आणा. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवरही धेनुकाकट या गावच्या यवनांनी दान दिल्याचे लेख आहेत. ते नक्की ग्रीक वंशाचेच होते की पश्चिमेकडच्या कोणालाही यवन म्हणत, यावर मतभेद आहेत. पण नाव, गाव आणि 'हे मी दिलं' एवढंच सांगणारी ती लिहिण्याची पद्धत ऑलिंपियाची कपाटं पाहून आल्यावर चटकन ओळखू येईल.

दिवस असा लावा. सकाळी दार उघडताच अवशेषांकडे, कारण सप्टेंबरातही दुपारी ऊन चटका देतं. वेदीची मोकळी जागा, देऊळ, फिडियासचा कारखाना, दंडाची बैठकं, मग कमानीखालून स्टेडियम. धावपट्टीच्या टोकाला दगडी पट्टी आहे, तिच्यावर पायाची बोटं रोवायच्या दोन समांतर खाचा आहेत. मुलाला तिथे उभं करा आणि समोरच्या टोकापर्यंत, साधारण १९२ मीटर, धावू द्या. दुपारी मोठं संग्रहालय, शेवटी खेळांचं. तिन्हींना एकच तिकीट चालतं. अथेन्समध्ये राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात जाणार असाल, तर ऑलिंपियात सापडलेलं मुष्टियोद्ध्याचं काशाचं डोकं बघा: चेपलेलं नाक, चुरगळलेले कान, केसांत ऑलिव्हची डहाळी. तुमच्या मुलाच्या वस्तादांचे कान तसेच असतील, तर फोटो काढून त्यांना जरूर पाठवा.